अंकुराची वाढ, आगकाड्यांची मौज

मृगाच्या तोंडाशी बियाण्याच्या पिशव्या घरात येऊन पडल्या आणि साऱ्यांचे डोळे आभाळाकडे लागले, म्हणजे आमच्या जालना जिल्ह्यातला जाणता शेतकरी पेरणीपूर्वी एक लहानसे काम कधी चुकवीत नाही. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर सोयाबीनचे शंभर दाणे दहा-दहांच्या ओळींत मांडायचे, त्याची गुंडाळी करून ती सावलीला ठेवायची, अधूनमधून पाण्याचा शिपका द्यायचा आणि काही दिवसांनी गुंडाळी उलगडून किती दाण्यांना मोड आले ते मोजायचे. सत्तर दाणे उगवले तर बियाणे पेरायला चालते, त्याहून कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवायचे किंवा बियाणेच बदलायचे, असा हा रोखठोक व्यवहार आहे. १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळालेल्या बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ साली ज्या शहरात 'महिको' या बियाणे कंपनीची स्थापना केली, त्या जालना शहरातील बीजपरीक्षणाच्या प्रयोगशाळांतही तत्त्वतः हेच चालते. फक्त तेथे गोणपाटाच्या जागी कागद असतो, शंभर-शंभर दाण्यांचे चार संच असतात, आणि हरभऱ्याची मोजणी पाचव्या व आठव्या दिवशी, सरकीची चौथ्या व बाराव्या दिवशी, अशा ठरलेल्या मुदती असतात. बी उगवते की नाही हे ठरविण्याची विद्या या मुलखात इतकी मुरलेली आहे. आणि तरीही या साऱ्या मोजदादीत एक गोष्ट कोणाच्याच दृष्टीस पडत नाही, ती म्हणजे प्रत्यक्ष उगवणे. गुंडाळी उघडावी तेव्हा मोड आलेला असतो. तो येत असताना कोणी पाहिलेला नसतो.

तो येत असताना पाहावा, आणि इतरांनाही दाखवावा, असा हट्ट १९१२ साली एका मराठी माणसाने धरला, आणि त्या हट्टापासून आपल्याकडच्या सचेतनपटाची, म्हणजे आजची मुले ज्याला सरसकट 'कार्टून' म्हणतात त्या कलेची, पूर्वपीठिका सुरू होते. ते गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. 'राजा हरिश्चंद्रा'चे जनक म्हणून दादासाहेबांचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु हरिश्चंद्राच्या आधी त्यांनी वाटाण्याच्या एका रोपट्याला नायक केले होते, आणि पुढे १९१५ साली काडेपेटीतल्या काड्यांना नट केले होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात दोन-चार ओळींत आटोपली जाते. मला मात्र असे वाटत आले आहे की, या माणसाच्या प्रतिभेचे मर्म त्या दोन-चार ओळींतच आहे, आणि ते मर्म उमजून घ्यायला बियाण्यांच्या आमच्या जिल्ह्याइतकी योग्य जागा दुसरी नाही.

फाळक्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० सालचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण आणि मुद्रणकला आत्मसात केली, पुरातत्त्व खात्यात काही काळ नोकरी केली, छापखाना चालविला, आणि 'प्रोफेसर केळफा' असे स्वतःचेच आडनाव उलटे लावून जादूचे प्रयोगही केले. हे सारे उद्योग वरवर विखुरलेले दिसतात खरे. पण यांतील प्रत्येकाने त्यांना एकच धडा दिला होता, तो हा की, डोळ्याला जे दिसते ते कोणाच्या तरी हाताने रचलेले असते. पुढे मुंबईच्या एका चित्रगृहात ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून त्यांचे आयुष्य पालटले, आणि विम्याचे कागद गहाण टाकून १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत कामाची रीत पाहून, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा विकत घेऊन ते परतले.

कॅमेरा आला, पण भांडवल आले नाही. हिंदी माणूस हिंदुस्थानातच चित्रपट तयार करू शकतो, यावर पैसेवाल्यांचा विश्वास बसेना. तेव्हा कोणाच्या पाया न पडता, कोणाशी वाद न घालता, फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखून ठेवला, आणि महिन्याहून अधिक काळ ठरावीक अंतराने थोडीथोडी फीत फिरवीत ते त्या कुंडीपाशी चिकाटीने उभे राहिले. त्या साऱ्या कालावधीची पडद्यावर जेमतेम मिनिटभराची चित्रफीत झाली: माती फुगते, फुटते, तिच्यातून वाकडी मान घेऊन कोंब वर येतो, मान सरळ करतो, पाने उलगडतो आणि आधार शोधीत हवेत चाचपडू लागतो. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखली जाणारी ही चित्रफीत पाहून यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्यांचा विश्वास बसला आणि कर्जाची सोय झाली. पुढे फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले, फितीला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचे काम अंगावर घेतले, आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. भारतीय चित्रपटसृष्टीला पहिला जामीन राहिला तो असा एक वाटाण्याचा दाणा.

शास्त्रार्थाने पाहता अंकुराची ही फीत आणि चित्रांचा सचेतनपट या दोन भिन्न वस्तू आहेत. एकीत निसर्गाची मंद गती घाईने दाखविलेली असते, दुसऱ्यात निर्जीवाला गती उसनी दिलेली असते. परंतु दोहोंची किल्ली एकच आहे. मूकपटाच्या काळी पडद्यावर सेकंदाला साधारणतः सोळा चित्रे सरकत, आणि पस्तीस मिलिमीटरच्या फितीत एका फुटाला सोळाच चित्रे बसत. म्हणजे एक फूट फीत म्हणजे अदमासे एक सेकंद, असा हिशेब कारागिराच्या हातात आपोआप बसलेला असे. कॅमेऱ्याचा दांडा अखंड फिरविला तर जग जसे आहे तसे उमटते. पण एकच चित्र घेऊन दांडा थांबविला, समोरची वस्तू तसूभर सरकविली, आणि मग पुढचे चित्र घेतले, तर मधला सारा वेळ, सरकविणारा हात, त्या हाताचा थकवा, हे सर्व पडद्यावरून लोप पावते आणि वस्तू स्वयमेव चालल्याचा भास होतो. आपल्या पुराणांत मयासुराने जी किमया केली तिला मंत्र लागला असेल. हिला लागतो तो केवळ थांबण्याचा धीर.

हा धीर धरणारे लोक त्या सुमारास जगात अनेक ठिकाणी निपजले होते. पॅरिसमध्ये एमिल कोल या व्यंगचित्रकाराने सुमारे सातशे रेखाटने काढून १९०८ च्या ऑगस्टमध्ये 'फँटास्मागोरी' हा मिनिट-सव्वा मिनिटाचा चित्रपट दाखविला. त्यातली माणसे काळ्या फळ्यावर खडूने काढल्यासारखी दिसतात, आणि एका आकृतीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशी निघत राहते, हत्तीचे घर होते, बाटलीचे फूल होते, आणि कोणत्याही रूपांतराला कारण म्हणून विचारायचे नसते. त्याच वर्षी कोलने काड्यांना नाचविणारा आणखी एक चित्रपट केला. रशियात लाडिस्लास स्टारेविच मेलेल्या भुंग्यांच्या पायांना तारा बसवून त्यांच्याकडून संसारनाट्ये करवून घेत होता. अमेरिकेत विन्सर मकेने १९१४ साली 'गर्टी' नावाच्या प्रचंड प्राण्याला पडद्यावर आणून त्याला लाजायला आणि रडायला लावले.

आणि हे सारे पाश्चात्त्यांकडून आपल्याकडे फुकट आले, असेही मानण्याचे कारण नाही. १८९२ च्या ऑक्टोबरात एमिल रेनो पॅरिसच्या ग्रेव्हँ संग्रहालयात हाताने रंगविलेल्या चित्रपट्ट्यांचे खेळ दाखवू लागला, त्याच वर्षाच्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांभरिक खरोलिका' या नावाने आपले दीपचित्रांचे प्रयोग सुरू केले. काचेवर हाताने रंगविलेली रामायण-महाभारतातील पात्रे, मागे प्रखर दिवा, पुढे पांढरा पडदा, आणि काचा सरकविण्याच्या कौशल्यातून निर्माण होणारी हालचाल. त्याहीपूर्वी आमच्या अंबड तालुक्याला लागून असलेल्या पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथींची चित्रे गावोगाव फिरत होती, आणि सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंत तशा पोथ्या आजही उलगडतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली, मांडीवर पोथी उभी धरलेली, कथेचा प्रसंग संपला की पान उलटायचे आणि पुढचा प्रसंग उभा करायचा: ही पाने सेकंदाला सोळा नव्हे, प्रसंगाला एक या बेताने सरकतात, एवढाच काय तो फरक.

जालन्याहून राजूर, भोकरदन असे उत्तरेला गेले की अजिंठ्याचा डोंगर लागतो, आणि तेथील पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात एका स्तंभशीर्षावर चार हरणांची एक शिल्पाकृती आहे. धडे चार, मस्तक एकच. एका धडावर नजर ठेवली तर हरिण निवांत बसलेले दिसते. नजर दुसऱ्या धडावर नेली तर तेच मस्तक आता त्या शरीराचे होते. डोके जागचे हललेले नसते, दगड तर दगडच असतो, हालचाल होते ती पाहणाऱ्याच्या डोळ्यात. ज्या शिल्पकाराने ही रचना केली त्याला दृष्टीचे एक रहस्य पक्के ठाऊक होते, ते असे की माणसाचे मन दोन स्थिर अवस्थांमधली पोकळी स्वतः होऊन भरून काढते आणि त्या भरून काढण्यात त्याला अवर्णनीय आनंद होतो. सचेतनपटाचे सारे शास्त्र याच आनंदावर उभे आहे.

आता 'आगकाड्यांची मौज' या चित्रपटाकडे वळू. १९१४ साली युरोपात महायुद्ध भडकले, कच्च्या फितीची आयात रोडावली, आणि मोठे पौराणिक चित्रपट काढण्याची उमेद असलेल्या फाळक्यांची नाशिकला कोंडी झाली. ज्याला दरबारी सेनासंभार हवा होता त्याला अशा वेळी हात चोळीत बसण्यावाचून गत्यंतर नव्हते. फाळक्यांनी काडेपेटी उघडली. काडीला पगार लागत नाही, पोशाख लागत नाही, ती संवाद विसरत नाही, आणि तिच्यापासून माणूस होतो, घोडा होतो, घर होते, अक्षर होते. काड्यांनी स्वतःहून पेटीबाहेर यावे आणि नाना आकृती धारण कराव्यात, असा हा लघुपट. 'विचित्र शिल्प' हा निर्जीव वस्तूंच्या करामतीचा दुसराही लघुपट त्यांनी त्याच काळात केला. त्या काळी आपल्याकडच्या काडेपेट्या बहुतांशी स्वीडन आणि जपान येथून येत, घरोघर त्या जपून वापरल्या जात. अशी ही रोजची, चुलीजवळची, क्षणात जळून जाणारी वस्तू पडद्यावर स्वतःच्या मर्जीने वागू लागली, तेव्हा पाहणाऱ्याला जो विस्मय वाटला असेल तो देवादिकांच्या प्रकट होण्याने वाटणाऱ्या विस्मयाहून वेगळ्या जातीचा असणार. देव चमत्कार करणार हे गृहीतच असते. काडीकडून तशी अपेक्षा कोणी केलेली नसते.

या आरंभीच्या लघुपटांची मोहिनी कशात आहे, याचा विचार करताना पुष्कळ जण त्यांच्या बाल्याचे कौतुक करतात. कला अजून रांगत होती, तेव्हा तिचे बोबडे बोल गोड लागणारच, असा त्यांचा भाव असतो. हे मत मला मान्य नाही. या चित्रपटांतली रेषा थरथरते, कारण प्रत्येक चित्र नव्याने काढलेले असते आणि कोणताही हात तीच रेषा दोनदा काढू शकत नाही. उजेड लुकलुकतो, कारण दोन चित्रांच्या मधल्या वेळात सूर्य पुढे सरकलेला असतो. वस्तू अडखळत चालते, कारण तिला सरकविणाऱ्या बोटांचे माप प्रत्येक वेळी केसाएवढे चुकते. हे दोष खरे. पण हेच दोष त्या कृतीमागच्या श्रमाचे दाखले आहेत. गुळगुळीत चित्रात आपण परिणाम पाहतो. थरथरत्या रेषेत परिणामाबरोबर प्रयत्नही पाहतो, आणि एका अपरिचित, केव्हाच काळाच्या पडद्याआड गेलेल्या माणसाने आपल्या एका सेकंदाच्या सुखासाठी सोळा वेळा वाकून वस्तू सरकविली, ही जाणीव त्या सुखात नकळत मिसळते. हातमागाच्या वस्त्राची किंवा हातच्या रांगोळीची ओढ ज्या मुळातून येते त्याच मुळातून ही ओढ येते.

दुसरेही एक कारण आहे. त्या लघुपटांना सांगण्यासारखी गोष्ट बहुधा नसे. हत्तीचे घर का झाले, काडीचा घोडा का झाला, याला उत्तर नाही. पुढे या कलेला कथा मिळाली, विनोद मिळाला, उपदेश मिळाला, आणि तिची भरभराट झाली. परंतु एखादी वस्तू नुसती हलली एवढ्यानेच थक्क होण्याचा जो निर्मळ अधिकार प्रेक्षकाला पहिल्या दहा-पंधरा वर्षांत होता तो मागाहून त्याच्याकडून निघून गेला. शेतातल्या माणसाचा तो अधिकार मात्र अजून शाबूत आहे. पेरणीनंतर आठवड्याने बांधावर उभा राहून काळ्या रानात हिरवी रेघ धरलेली पाहताना जो माणूस काही न बोलता उभा राहतो, तो त्या क्षणी कोणती कथा ऐकत नसतो.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येण्यासारखा आहे. पारदर्शक पत्र्यांवर चित्रे काढण्याची युक्ती अमेरिकेत निघाली, तिच्यामुळे पार्श्वभूमी पुन्हा पुन्हा काढण्याची तसदी वाचली आणि एका माणसाचे काम अनेकांच्या पंगतीत वाटले गेले. १९३४ च्या सुमारास पुण्याच्या 'प्रभात'ने 'जंबूकाका' हा कोल्ह्याचा व्यंगपट काढला; त्याच वर्षी कलकत्त्याच्या 'न्यू थिएटर्स'मधून 'द पी ब्रदर्स' हा लघुपट आला. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या सुमारास 'फिल्म्स डिव्हिजन'मध्ये व्यंगपटांचा विभाग सुरू झाला. डिस्नेच्या कारखान्यात काम केलेले क्लेअर वीक्स तेथे शिकवायला आले, आणि जी. के. गोखले, राम मोहन यांसारखे कलावंत त्या विभागात घडले. या विभागाच्या आरंभीच्या कृतींतील 'द बनियन डिअर' हा १९५७ चा लघुपट जातककथेवर आधारलेला आहे, आणि त्याच्या आकृत्यांवर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांची छाया आहे; म्हणजे फिरून फिरून गोष्ट आमच्याच डोंगरातल्या हरणांपाशी आली. १९७४ साली विजया मुळे यांचा 'एक अनेक और एकता' आला, भीमसेन यांची चित्ररचना आणि वसंत देसाई यांचे संगीत घेऊन. तो दूरदर्शनवरून इतक्या घरांत शिरला की एका पिढीला त्यातल्या चिमण्या अजून ओळखू येतात.

निजामाच्या अमलाखालील आमच्या मुलखात ही चित्रे उशिरानेच पोचली. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमुळे जालना ही व्यापाराची पेठ झाली, 'जालना सोने का पालना' अशी म्हण झाली. पण तालुक्याच्या आणि खेड्यांच्या वाट्याला चित्रपट आला तो जत्रेतल्या फिरत्या तंबूतून, तहसील कचेरीचा परवाना घेऊन आलेल्या माणसाच्या एका यंत्रातून. तंबूत बसून चित्रपट पाहिलेली वडीलधारी माणसे आजही भेटतात, आणि त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते: त्यांना कथा पुष्कळदा आठवत नाही, परंतु यंत्राच्या झोतात उडणारी धूळ, मध्येच तुटलेली फीत आणि ती जोडेपर्यंत पडद्यावर हाताच्या सावल्यांचे प्राणी नाचविणारी पोरे आठवतात.

घनसावंगी तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत मी मुलांना असा एक चित्रपट करताना पाहिले. गुरुजींचा मोबाईल दोन पुस्तकांच्या चवडीवर आडवा टेकविलेला, खाली शेंदरी पुठ्ठा, त्यावर काड्या. गुलाच्या टोकांची डोकी आणि उघड्या काड्यांचे हातपाय. एक मुलगी बोटाच्या नखाने काडी सरकवी, हात मागे घेई आणि 'घे' म्हणे. दुसरा मुलगा कळ दाबी. श्वासाने काडी हलू नये म्हणून बाकीचे सारे तोंडावर हात धरून बसलेले. दुपार कलली तशी खिडकीची सावली पुठ्ठ्यावर चढत गेली, आणि तयार झालेल्या काही सेकंदांच्या चित्रात काडीचा माणूस चालत असताना त्याच्यावर संध्याकाळ धावत आली. एका ठिकाणी मुलीचे बोटही चित्रात राहून गेले होते. ते काढून टाकावे का, असे गुरुजींनी विचारले, तेव्हा साऱ्या वर्गाने एकमुखाने नकार दिला. ते बोट दिसले की त्यांना सर्वांत जास्त आनंद होत होता. थरथरत्या रेषेविषयी मी वर जे लिहिले आहे त्याचा याहून चांगला पुरावा मला देता येणार नाही.

एका गोष्टीची खंत मात्र येथे नोंदविलीच पाहिजे. फाळक्यांनी शंभराच्या घरात चित्रपट केले. त्यांतील अगदी थोड्यांचे अंश आज शिल्लक आहेत. त्या काळची नायट्रेटची फीत ज्वालाग्राही असे, आपल्या उष्ण हवेत ती कुजे, आणि खेळ संपलेल्या फितीची किंमत कोणाला वाटत नसे. पुण्याला १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर पुष्कळ काही हातचे गेले होते. आणि ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातच नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली तेव्हा उरल्यातलेही बरेच जळाले. ज्या वर्षी जालन्यात वाण जतन करून वाढविणारी संस्था उभी राहिली त्याच वर्षी पुण्यात चित्रपट जतन करणारी संस्था उभी राहावी, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. वाण एकदा गेले की मागाहून कितीही पैसा ओतला तरी ते परत मिळत नाही, हे जालन्याच्या माणसाला सांगावे लागत नाही. चित्रांच्या बाबतीतही हाच न्याय लागू आहे, हे आता त्याने मनावर घ्यावे.

म्हणून या जिल्ह्यातील शिक्षकांना, वाचनालयांच्या चालकांना आणि बियाण्याच्या धंद्यात संपन्न झालेल्या गृहस्थांना माझी विनंती आहे. आठही तालुक्यांच्या ठिकाणी वर्षातून एकदा तरी या जुन्या लघुपटांचा खेळ ठेवावा. कोल, मके, स्टारेविच यांच्या कृती आज सहज उपलब्ध आहेत, आणि सारा कार्यक्रम तासाभरात आटोपतो. घराच्या माळ्यावर जुन्या फिती, काचचित्रे, फिरत्या तंबूची यंत्रे किंवा परवान्याचे कागद असतील तर ते भंगारात न घालता संग्रहालयाकडे सोपवावेत. आणि प्रत्येक शाळेने येत्या मृगाला एका कुंडीत वाटाणा किंवा हरभरा पेरून, समोर एक मोबाईल रोखून, तासातासाला एक चित्र घ्यावे. महिन्याभरात सेकंदाला सोळा चित्रे या हिशेबाने जेमतेम पाऊण मिनिटाचा चित्रपट होईल. पण ज्या मुलाने तो केला ते मूल दादासाहेब फाळक्यांना पुतळ्यावरून ओळखणाऱ्या शंभर माणसांहून अधिक ओळखील.